तुझे २२ हजार

प्रिय दिन्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम जाडजूड पाकीट. वजनावरूनच तू ओळखशील की याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंय खरं. माझी साखर आहे तिथेच आहे, सुमनचे गुडघे कुरकुरतात, तब्येतीचं खातं इथे बंद.

बेबीचा निखिल परदेशी चालला होता. तिकीट आलं होतं, बॅग भरून दारात ठेवली होती, आणि सगळे कागद चाळून 'जा, काही काळजी नाही' म्हणणारा महाभाग मी होतो. हस. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागलेत.

तुला घरची परिस्थिती माहीतच आहे. पोराचं इंजिनिअरिंग होऊन दोन वर्षं झाली. बेबी त्याच्यासमोर नोकरी हा शब्दसुद्धा काढत नाही, आणि न काढल्यामुळे तो दिवसभर घरभर ऐकू येतो. तशात टेलिग्रामवर जाहिरात आली. डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, बँकॉक, महिना ८५ हजार, राहणं-जेवण कंपनीचं, अनुभवाची अट नाही. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, बारा मिनिटं. त्यातली पाच मिनिटं टायपिंगची परीक्षा. आपल्याला साध्या कारकुनीसाठी तीन तास घासलं होतं रे, आणि तरी तू नापास झालास. (पेपर अवघड होता. मान्य. दर वेळी लिहायला लावू नकोस.)

आणि मी काय विचारलं असेन? तू असतास तर जे विचारलं असतंस तेच. 'पैसे किती मागितले?'

'एक रुपया नाही, मामा. उलट तिकीट तेच काढतायत. जायचं-यायचं.'

तिथेच मी खुर्चीत मागे टेकलो. नोकरीसाठी त्या जिन्यावरच्या ऑफिसातल्या एजंटाला भरून बुडालेल्या तुझ्या २२ हजारांनी मला आयुष्यभरासाठी एवढंच शिकवलं होतं, की नोकरी देणारा पैसे मागायला लागला की उठून चालायला लागायचं. हे मी बँकेत शिपायांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगितलंय. तुझं नाव न घेता, पण त्यासाठी काकूंनी काढून दिलेल्या पाटल्यांसकट. आणि इथे तर कुणी पैसे मागतच नव्हतं. मग फसवेल कशाला, असा माझा हिशोब. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा हिशोब!

त्यांना पैसा नकोच होता, दिन्या. पोरगा हवा होता. तिथे माणशी दर ठरलेला असतो आणि तो दलालाला मिळतो. पोराला सीमेपलीकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात, कुंपणाच्या आत संगणकापुढे बसवतात. मग खोट्या नावानं जगभरच्या लोकांशी ओळखी काढायच्या, गोड बोलायचं आणि शेवटी त्यांना कुठल्यातरी क्रिप्टोत पैसे घालायला लावायचे. ठरलेला आकडा गाठला नाही तर मार, बाहेर पडायचं तर घरच्यांनी खंडणी भरायची. म्हणजे मार्केटिंग हा शब्द तसा अगदीच खोटा नाही म्हण.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा ऑगस्ट २०२३ चा अहवाल आहे. असे अडकलेले लोक म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात १ लाखाच्या आसपास असावेत, असा त्यांचा अंदाज. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं तर त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, थायलंडच्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता आणि त्यात हेच पद होतं, डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह. चोरांनी पदाचं नाव बदलायचेसुद्धा कष्ट घेतलेले नाहीत. हे सगळं मी आता वाचलंय. तेव्हा मी काय वाचलं, तर नेमणूकपत्र. लेटरहेड छान होतं, शिक्का गोल होता, सही निळ्या शाईची. शिक्का गोल असला की आपली अर्धी शंका तिथेच विरते.

सुमनला शंका आली होती. तिनं तिकीट हातात घेतलं आणि म्हणाली, 'नोकरीला चाललाय ना? मग पंधरा दिवसांनी परत कसा येतोय?' मी तिला समजावलं, की अगं, पर्यटक म्हणून जायचं, तिथे पोचल्यावर कंपनी वर्क परमिट करून देते, हल्ली असंच असतं. 'असंच असतं' हे मला कोणी सांगितलं? त्या एजंटानंच, निखिलच्या फोनवरून! विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं, नोकरीचा उल्लेख करायचा नाही, हेही त्यानंच पढवलं होतं. सरकारी माणसाशी पहिलंच बोलणं खोटं करायला लावणारी नोकरी, आणि तरीही माझ्या कानात काही वाजलं नाही. पोरगा दोन वर्षांनी मोकळं हसत होता रे. त्यात मला काही वाजवून घ्यायचंच नव्हतं.

वाचवलं ते पानानं. तिकिटाचं दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं. बँकॉकला उतरल्यावर तिथल्याच दुसऱ्या विमानतळावरून आणखी एक विमान, मे सॉतला. सुमननं विचारलं, हे कुठे आलं? मी ऐटीत नकाशा उघडला. बँकॉकपासून जवळजवळ ५०० किलोमीटर, थायलंडच्या पार कडेला. शेजारून मोई नदी वाहते, आणि पलीकडच्या काठावर म्यावाडी, म्हणजे म्यानमार. मे सॉत हे नाव कुठेतरी वाचलंय एवढं डोक्यात होतं, आणि मग एकदम आठवलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं आपली माणसं आणायला गेली होती ती याच गावी. एका दिवशी २८३, दुसऱ्या दिवशी २६६. मी ती बातमी वाचून 'कशी फसतात कोण जाणे' असं म्हटल्याचं सुमननं मला आठवून दिलं. बायकांची स्मरणशक्ती या बाबतीत अन्यायकारक असते.

मग रात्रभर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. एजंटाच्या लेटरहेडवर लायसन्स नंबर होता. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं भरताच येत नाहीत, आणि कोण नोंदलेला आहे हे सरकारच्या ई-मायग्रेट या साइटवर कुणालाही बघता येतं. बघितलं, तर नंबर खरा! माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात लक्षात आलं, की तिथे दिलेला फोन वेगळा आणि पत्ताही दुसऱ्याच शहरातला. सकाळी त्या फोनवर बोललो. तो बिचारा वैतागला. आमचा नंबर कोणीतरी वापरतंय, तुम्ही काही पहिले नाहीत, म्हणाला. नंबर खरा की खोटा एवढंच बघून मी थांबलो असतो, तर आज निखिल नदीपलीकडे असता. ज्या कंपनीच्या नावानं पत्र होतं तीही खरी निघाली, पण तिच्या स्वतःच्या साइटवर ही जागाच नाही, आणि पत्र आलं होतं त्या ईमेलच्या नावात एक अक्षर जास्त. ३४ वर्षं लोकांच्या सह्या ताडल्या आणि हे अक्षर सुटलं.

याच शोधाशोधीत एक मौज कळली, तुझ्यासाठी राखून ठेवलीये. नोंदलेला एजंटसुद्धा उमेदवाराकडून ३० हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि घेतले तर पावती द्यावी लागते. म्हणजे पैसे मागितले की चोर आणि नाही मागितले की साव, हा माझा नियम दोन्ही बाजूंनी गाळात. आणि नोंदणी नसताना धंदा केला, तर कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड जास्तीत जास्त दोन हजार रुपये. तुझे २२ हजार गेले, दंड २ हजार. त्या जिन्यावरच्या ऑफिसवाल्याला ही स्कीम परवडलीच असती.

निखिलला मी जाऊ दिलं नाही. पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, कुलूप लावून. हे मी त्याच्या वयाच्या माणसाशी करू नये, कळतं मला. तो माझ्याशी बोलत नाही. बेबी बोलते, पण तिच्याही डोळ्यात एक प्रश्न असतो. कारण दाखवायला माझ्याकडे आहे काय? काहीच घडलं नाही ना. एजंटानं दुसऱ्या दिवशी निखिलला लिहिलं, 'जागा दुसऱ्याला दिली, तुमच्या मामांना शुभेच्छा.' म्हणजे मामा खलनायक ठरला. न झालेल्या अपघाताचा पंचनामा कुठून आणू?

आणि आता ज्यासाठी हे पत्र. रोहन गेलाय. निखिलचा वर्गमित्र, त्याच ग्रुपमधला, तीन दिवस आधीच्या विमानानं. त्याच्या वडिलांनी मला विचारलं होतं, 'साहेब, तुम्ही निखिलचे कागद बघितलेत ना? मग आमचेही तसेच आहेत.' आणि मी मान हलवली होती, दिन्या. त्यांचे कागद हातात न घेता.

तो पोचला. दोनदा फोनही आला. दुसऱ्या वेळी मी त्यांच्याकडेच बसलो होतो, स्पीकर लावला होता. 'मैं ठीक हूँ, काम अच्छा है, चिंता मत करना.' आईशी. जन्मात आईशी हिंदीत बोलला नाही तो पोरगा. आई मराठीत विचारतेय, तो हिंदीत उत्तर देतोय, चाळीस सेकंदांत फोन बंद. मी निखिलला सांगितलं, तर म्हणे, ऑफिसमध्ये हिंदी चालत असेल, त्यात काय. असेलही. मीही मनाशी रोज रात्री तेच म्हणून बघतो. जमत नाही. शेजारी कुणीतरी उभं होतं आणि त्याला समजेल अशा भाषेत बोलायचं होतं, एवढंच मला ऐकू येतं.

तक्रारी केल्यात. एके ठिकाणी फोनवर पहिला प्रश्न, 'किती रक्कम गेली?' रक्कम नाही, मुलगा गेलाय म्हटलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही, बहुतेक अर्जात तसा रकानाच नसावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद केली, बँकॉक आणि म्यानमारमधलं यांगून, दोन्हीकडच्या आपल्या दूतावासांना लिहिलं, पोलिसांत लेखी दिलं. पासपोर्टची प्रत, तिकीट, एजंटाचे सगळे मेसेज जोडले. रोहनचे वडील माझ्या मागे मागे येतात आणि मी सांगेन तिथे सही करतात. अजूनही कागद न वाचता.

आता थोडं जुनं. वसूच्या लग्नात तू माझ्या अंगावर धावून आला होतास, कारण मी चारचौघांत म्हणालो होतो, 'मला त्या एजंटाचा तेव्हाच संशय आला होता, म्हणून मी पैसे भरले नाहीत.' तीसेक वर्षं मी हे वाक्य वापरलंय. दिन्या, मला कसलाही संशय आला नव्हता. त्या दिवशी मीही त्या जिन्यावर तुझ्याइतकाच खुशीत चढलो होतो. अण्णांनी पैसे द्यायला साफ नकार दिला, एवढंच. असते तर मीही भरले असते, आणि कुलूप लावलेल्या त्या दारासमोर आपण दोघं उभे असतो. अण्णांच्या कंजूषपणाला मी माझी अक्कल म्हणून खपवलं. त्याच अकलेच्या नावावर लोक माझ्याकडे कागद घेऊन यायला लागले. रोहनचे वडीलही त्यातलेच.

तू आजोबा झालास हे वसूकडून कळलं. अभिनंदन, नाव काय ठेवलंत? घराचं काम पुरं झालं का? वहिनींना नमस्कार. सविस्तर पुढच्या पत्रात, आत्ता डोकं जागेवर नाही.

एक काम कर. निखिलला फोन कर. माझं तो ऐकणार नाही. माझं म्हणणं त्याला शहाणपणा वाटतं, आणि शहाणपणाचा त्याला वीट आलाय. तू त्याला उपदेश करू नकोस. फक्त काकूंनी पाटल्या काढून दिल्या तेव्हा तुला किती खात्री होती, ते सांग. आणि ते कुलूप बघितल्यावरही तू दोन तास जिन्यात बसून होतास, साहेब जेवायला गेले असतील म्हणून, तेही सांग. मला तू ते एकदाच सांगितलं होतंस आणि मी हसलो होतो.

तुझा,
अव्या

ता. क. पाकीट चिकटवताना रोहनच्या आईचा फोन आला. काल रविवार होता, त्याचा फोन यायचा दिवस. आला नाही. हे पोस्टात टाकून तसाच त्यांच्याकडे जातोय.