फॉरमॅट न मारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) काल छपाईला गेला. तुम्ही माझा कॉम्प्युटर दुरुस्त करून दिला नसता तर तो गेला नसता, हे सगळ्यांदेखत सांगायचं आहे म्हणून हे उघड पत्र.

माझ्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या, मशीनचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) ऐन हंगामात गेला. त्याच्यावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, फुगले होते. तुमच्याकडे येण्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांनी दुसरा बोर्ड लावला, निळा स्क्रीन क्षणभर चमकून मशीन पुन्हा रिस्टार्ट झालेलं पाहिलं आणि निकाल दिला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकायचं. पुढच्या दुकानातही तेच. वर, "डेटा काढून देतो की, मग कशाला टेन्शन घेताय?"

अहो, फायलींच्या कॉप्या माझ्याकडे होत्याच! प्रश्न त्या मशीनवरच्या सगळ्या घडीचा होता. पानं लावायचं जुनं पेजमेकर, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, ते चालायला मशीनला लावावं लागणारं त्यांचं डोंगल, वर्षानुवर्षं बसवत आणलेल्या टेम्प्लेट्स. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर माझी फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. हे समजावून सांगताना समोरचा माणूस मोबाइल बघत होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र स्क्रू खोलायच्या आधी विचारलंत, "ताई, यावर तुम्ही काम काय करता?" मी सांगत गेले, तुम्ही ऐकत गेलात. मग हार्ड डिस्क बाहेर काढलीत, तिच्यावर कागदी टेप चिकटवलीत आणि मार्करनं लिहिलंत, ‘पुसायची नाही’. खाली माझं नाव. तुमच्या हाताखालच्या पोरालाही ते वाचून दाखवलंत. दादा, तेव्हा मला रडू आवरेना. बोर्ड चालेल की नाही हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं. पण माझं काम कुणीतरी जपण्यासारखं मानलं होतं.

पुढे काय केलंत ते तुम्हीच सांगितलंत म्हणून कळलं. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढलीत. माझाच प्रोसेसर आणि रॅम चालेल असा एच-61 प्रकारचा बोर्ड शोधलात. एफ-8 दाबून आपोआप होणारं रिस्टार्ट बंद केलंत आणि त्या निळ्या स्क्रीनवरचा आकडा वाचलात : 7बी. म्हणजे विंडोजला डिस्कच सापडत नव्हती. बोर्डानं डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, आयडीई आणि एएचसीआय; माझं विंडोज 7 जुन्या बोर्डावर आयडीई मोडमध्ये टाकलेलं, नवा बोर्ड एएचसीआयवर. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एवढी एकच गोष्ट बदललीत आणि माझा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर! मग ड्रायव्हर टाकलेत, विंडोजच्या बॉक्सवरची की (परवान्याचा क्रमांक) घेऊन ॲक्टिव्हेशनही रीतसर करून दिलंत.

आणि पैसे? बोर्डाचे आणि मजुरीचे, बस्स. "डेटा वाचवला" म्हणून वेगळं काही लावलं नाहीत. अडलेल्या माणसाकडून हवे तेवढे घेता येतात, हे काय तुम्हाला माहीत नव्हतं? तरी घेतले नाहीत. अशी माणसं बाजारात आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे छोटे धंदे उभे आहेत, असं मी मनापासून मानते.

डिस्कवरची ती टेप मी काढलेली नाही. आमच्या गल्लीतल्या दोन प्रेसवाल्यांना तुमच्या दुकानाचा पत्ता दिला आहे, त्यांचीही मशीनं जुनीच आहेत. अंक बांधून आला की तुमची प्रत घेऊन येते.

तुमची,
डीटीपीवाली ताई