नवा हेडलाइट बल्ब वीस दिवसांत गेल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जूनमध्ये तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या हेडलाइटचे दोन्ही हॅलोजन बल्ब (एच ४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट) नवे बसवून घेतले. विसाव्या दिवशी रात्री कुंभार्ली घाटात, ऐन धुक्यात, ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा गेला. समोरून येणाऱ्या एसटीवाल्याला एकच दिवा दिसला, त्याला मोटारसायकल वाटली असणार. वळणावर बस निम्मी आमच्या अंगावर आली. मागे आई बसली होती. त्यानंतर घाट उतरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "बल्बला वॉरंटी नसते, तुमच्या गाडीचं व्होल्टेज जास्त असेल." व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य झपाट्याने घटतं, हे मान्य. पण दोन्ही बल्बना करंट एकाच बॅटरीचा, एकाच अल्टरनेटरचा. डावीकडचा आजही ठणठणीत आहे. शिवाय बाहेर मीटर लावून पाहिलं, इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना एवढं असतंच, म्हणजे बरोबर.

गेलेला बल्ब मी जपून ठेवला आहे. काचेवर अंगठ्याएवढा दुधाळ पांढरा डाग आहे आणि तिथेच काच किंचित फुगली आहे. बसवताना मी शेजारीच उभा होतो. तुमच्या सेंटरमधल्या मुलाने ऑइलच्या हातांनी काच धरून बल्ब होल्डरमध्ये बसवला. ही काच क्वार्ट्झची असते. आतल्या टंगस्टनच्या तारेचे उडालेले कण हॅलोजन वायू परत तारेवर आणून सोडतो, पण त्यासाठी काच अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते. म्हणूनच ती इतकी लहान आणि तारेच्या इतकी जवळ असते. तिच्यावर हाताचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते, काच पांढरी पडते, कमजोर होते. काचेला हात लावू नका, असं बल्बच्या खोक्यावर चित्र काढून छापलेलं असतं.

वर तुमच्या माणसाने १००/९० वॅटचा बल्ब टाका म्हणून सुचवलं. त्या वायरिंगवर आणि प्लास्टिकच्या होल्डरवर तो टाकला तर होल्डरच वितळेल. कंपनीच्या माणसाने हे सांगावं, याचा मला जास्त राग आला.

बल्ब विनाशुल्क बदलून द्यावा, होल्डर आणि लाइटचा फोकस तपासून द्यावा, आणि बल्ब बसवणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छ हातमोजे किंवा निदान कोरडं फडकं द्यावं. पैसे थोडेच आहेत, ते परत नाही मिळाले तरी चालेल. हातमोज्यांचं मात्र लेखी कळवा.

बिलाची प्रत आणि बल्बचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक