मागच्या खोलीतलं खोकं आणि तुझ्याकडचा डोंगल

सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

आशाकाकू दुकानात आल्या होत्या. सरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणाल्या. तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे. हे फोनवर सांगता येत नाही, तू मधेच "हां हां, कळलं" म्हणतोस आणि तुला काहीएक कळलेलं नसतं. आम्ही सगळे बरे. आईची शुगर होती तिथंच आहे, गोळ्या चालू आहेत.

तर सरांचं पुस्तक. २००६ चं, पानं लावायच्या त्या जुन्या पेजमेकर साडेसहात तूच लावलेलं. काकूंकडे छापील एकच प्रत उरलीय, तीही २०१९ च्या पुरात भिजून फुगलेली. मी म्हटलं काळजी कशाला करताय, फाईल आहे की आपल्याकडं. पुढच्या मशीनवर सीडी घातली, सरांच्या मजकुराची टेक्स्ट फाईल उघडली, तर पडदाभर कंस, डॉलरची चिन्हं, मधूनच दोन इंग्रजी अक्षरं, मराठी नावालासुद्धा नाही. काकू खुर्चीमागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, हे ह्यांचं नाही." मला काय बोलावं सुचेना गड्या. अथर्वला वाटलं फाईल करप्ट झाली. त्याला म्हटलं, नाही रे बाबा, फाईल जशी ठेवली तशीच आहे. त्या काळचा आपला फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले मराठीचे तुकडे, काना वेगळा, रफार वेगळा, अर्धा क वेगळा. फॉन्ट समोर असेल तर ती कृष्णा, नसेल तर नुसता चिन्हांचा खच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असतो, आपल्याकडं तसला काही प्रकारच नव्हता. पोरगं बघतच बसलं. म्हणालं, "मग तुमची सगळी पुस्तकं अशीच आहेत?"

सगळी अशीच आहेत. तुझी आणि माझी.

आता खरी काळजी सांगतो. पुढचं मशीन २०१७ चं, सातव्या पिढीचं आय-फाईव्ह, विंडोज दहा. त्या दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अकरा टाकायला गेलं की हे मशीन बसत नाही असा निरोप येतो, कारण आठव्या पिढीच्या आतले इंटेलचे बहुतेक प्रोसेसर यादीतच नाहीत, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. मशीन ठणठणीत आहे रे! आठशे पानी स्मरणिका त्यावर निघालीय. मुदतवाढ घेता येते, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केली तर पैसेही पडत नाहीत. मी ती घेतलीय, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पुढं नाही. आपला हार्डवेअरवाला म्हणतो, "साहेब, अकरा ढकलून बसवतो, एक तासाचं काम." तसं बसतं हे मलाही ठाऊक आहे, पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी कोण देणार? त्याच मशीनवर बँक आहे, टॅली आहे, गिऱ्हाईकांची आधार कार्डं पडलेली असतात. दुसऱ्यांची कागदपत्रं आपल्या भरवशावर ठेवलेली असताना मी असलं काही करणार नाही.

अथर्वचं म्हणणं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका. त्यानं पेनड्राईव्हवरून ते चालू करून दाखवलं, हार्डडिस्कला हात न लावता, आणि सुध्या, खोटं नाही सांगत, तेच मशीन दोन वर्षांनी तरुण झाल्यासारखं पळायला लागलं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लिबरऑफिस चालतं, मराठी सरळ उमटतं, पानं लावायच्या स्क्राइबसमध्ये जोडाक्षरंही नीट लागतात, ते मी स्वतः 'ज्ञानेश्वरी', 'स्वातंत्र्य', 'दृष्ट्या' टाकून बघितलं. पण कोरलड्रॉ नाही. आणि लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक कोरलच्या फायली घेऊन येतं, टॅलीलाही विंडोज पाहिजे. म्हणजे एक विंडोज अकराचं मशीन घ्यावंच लागणार, ते टळत नाही. कोटेशन मागवलंय.

इथवर ठीक. पैशाचा प्रश्न आहे, तो सुटेल. झोप उडालीय ती मागच्या खोलीतल्या खोक्यानं.

आपला जुना कॉम्प्युटर, अजून चालतंय ते. जुनं विंडोज एक्सपी, तोच पेजमेकर, तोच फॉन्टचा संच. आतली बॅटरी गेलीय त्यामुळं चालू केलं की दरवेळी १ जानेवारी २००२ दाखवतं, एफ-वन दाबलं की मग पुढं जातं. बोर्डावरचे तीन कपॅसिटर फुगलेत. एक्सपीचा सपोर्ट २०१४ सालीच संपला म्हणून मी त्याची नेटची वायर तेव्हाच काढून टाकली. पूर आला तेव्हा मी आणि सुनीतावहिनींनी सगळ्यात आधी तेच उचललं होतं, प्रिंटरही मागनं गेला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि हरभट रोडवर होड्या फिरत होत्या, तेव्हा ते खोकं गोखल्यांच्या वरच्या मजल्यावर देवघरात होतं. तुला फोटो पाठवला होता बघ, तू "खोक्याला हळदकुंकू लावलं का" असं विचारलं होतंस. लावलं होतं, काकूंनी.

मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा कन्व्हर्टर त्याच जुन्या संचात आहे, आणि संच डोंगलशिवाय, म्हणजे मशीनच्या मागं खुपसायच्या त्या किल्लीशिवाय, उघडत नाही. डोंगल प्रिंटर पोर्टचा. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा आणि विंडोज अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं, तिथं तो चालत नाही. अथर्व म्हणाला मिंटच्या पोटात खोटं एक्सपी चालवू. चालव बाबा, पण डोंगल कुठं खुपसणार? नेटवरचे फुकटचे कन्व्हर्टर बघितले, ते चार प्रसिद्ध फॉन्टांचे आहेत, आपल्या संचाचा नकाशाच वेगळा. पेजमेकरच्या फायली इनडिझाईनच्या जुन्या आवृत्त्या उघडायच्या, नव्या उघडत नाहीत. सगळ्या वाटा फिरून त्या खोक्यापाशीच येतात.

म्हणून माझं मत पक्कं झालंय, आधी मजकूर बाहेर काढायचा, मग सिस्टीम बदलायची. कुठली टाकायची ह्यावर अथर्व आणि हार्डवेअरवाला महिनाभर भांडू देत, माझी हरकत नाही. आधी सिस्टीम बदलली आणि मधेच खोकं बसलं, तर सरांचं पुस्तक गेलं, शाहिरांचे पोवाडे गेले, हळद अडत्यांच्या संघाची स्मरणिका गेली, तुझ्या बाबांच्या कविताही गेल्या. छापील प्रती आहेत म्हणशील. कुणाकडं आहेत? पुरानंतर निम्म्या घरांतली कपाटं रस्त्यावर रचलेली तू बघितली नाहीस, मी बघितलीत.

सरांच्या पुस्तकाची दोन प्रकरणं काढून बघितली. कन्व्हर्टर बरा आहे, पण रफार आणि र्‍ह-र्‍याला गंडतो. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी टाकायचो, ती उचलून अक्षरामागं न्यायची हे त्याला जमतं, जोडाक्षर आलं की चुकतो. आणि ऱ्या दिसला की त्याचा सरसकट र्या करतो. सरांनी लिहिलंय 'कोयनेच्या दऱ्या', झालंय 'कोयनेच्या दर्या'. पाटणच्या पुढं समुद्र! सर असते तर अर्धा तास हसले असते आणि मग फूटपट्टी काढली असती. हे मशीनला कळणार नाही, ओळ न् ओळ माणसानंच वाचायला पाहिजे, आणि सरांची भाषा ओळखणारी माणसं आता दोनच.

सुनीतावहिनींचं वेगळंच. त्यांचा मराठी ४० चा स्पीड, सगळा टायपरायटरच्या कीबोर्डचा. मिंटवर इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडचा मराठी कीबोर्ड, लावून दिलं तर अर्धा तास काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, आयुष्यभर वेलांटी आधी टाकली, आता नंतर टाकायची?" मला फार लागलं ते. सिस्टीम मी बदलणार आणि बोटं त्यांनी बदलायची. मी म्हटलं जुनाच कीबोर्ड युनिकोडवर बसवून देतो, त्यावर त्यांनीच नको म्हटलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे त्यांना आवडलंय. शिफ्ट आणि जे दाबून ऱ येतो हे सापडल्यावर त्यांनी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. आणि इनस्क्रिप्ट विंडोजवर, मिंटवर, सगळीकडं तेच, म्हणजे पुन्हा बोटं बदलावी लागणार नाहीत. तू मात्र इनस्क्रिप्टला "सरकारी कीबोर्ड" म्हणून हिणवायचास. त्यावरून आपण स्टँडसमोर रात्री बारापर्यंत भांडलो होतो, भडंगाचा पुडा तू एकट्यानं संपवला होतास, ते भांडण माझ्या बाजूनं अजून मिटलेलं नाही. तू कीबोर्डवर हातोड्यासारखा बडवायचास, तीन कीबोर्ड तुझ्या नावावर आहेत.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? सईचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय, तिला म्हणावं काकानं आठवण काढली. गुडघ्याचं दाखवलंस ना? दाखव.

आता मुद्द्यावर येतो. डोंगल दोन होते. आपण वेगळे झालो तेव्हा तू एक घेऊन गेलास, "अर्धी भागीदारी, अर्धे डोंगल" म्हणालास, आणि मला राग आला होता कारण तो तुला पुण्यात कशालाच लागणार नव्हता. आज वाटतं बरं झालं नेलास. माझ्याकडच्याची एक पिन सैल झालीय, मजकूर काढताना वहिनी तो हातानं दाबून धरतात, सुटला की सगळं बंद पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून. तो कुठल्याही दिवशी जाईल. तुझा राखाडी रंगाचा, बोटभर, मागं दोन स्क्रू, त्यावर मी पांढऱ्या पेननं '२' लिहिलेलं. कॅसेटच्या डब्यात नाहीतर बाबांच्या ट्रंकेत असेल.

तो शोध. कुरिअरनं पाठवू नको, हरवला तर कुठंच मिळणार नाही. घेऊन ये. शनिवारी सकाळच्या गाडीत बस, दोन दिवस राहा. तुझ्या बाबांच्या कवितांना मी अजून हात लावलेला नाही, त्या तू समोर असतानाच काढायच्या आहेत, वहिनींनाही तसंच सांगून ठेवलंय. सरांचं प्रूफ आपण दोघं वाचू, तू मोठ्यानं वाच, मी खुणा करतो. आणि नव्या मशीनला विंडोज अकरा आणि जुन्याला मिंट, ह्यावर तुला काय म्हणायचंय ते आल्यावर बोल, पण डोंगल सापडला का ते उद्याच कळव.

तुझा,
बंडू