टू-आय-सी साहेब, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

जय हिंद साहेब,

तुम्ही आता कुठं आहात माहिती नाही, रिटायर पण झाला असाल, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय, कोणी ओळखीचं वाचलं तर पोचेल तुमच्यापर्यंत.

गावात लोक विचारतात सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, कसे होते, कंपनी कमांडर कसे होते. टू-आय-सी, म्हणजे सेकंड-इन-कमांड, पलटणीतला दोन नंबरचा अधिकारी, कोण हे कोणी विचारतच नाही. अरे पण ८०० च्या आसपास माणसांची पलटण, तिचं लंगर, राशन, गाड्या, स्टोअर, कॅन्टीनचा हिशोब, हे सगळं बघतं कोण? सीओ साहेब सुट्टीवर गेले की अख्खी पलटण पण टू-आय-सीच्याच गळ्यात. शाबासकी वरच्याला आणि शिव्या यांना, असलं काम. तुम्ही लंगरात येऊन डाळीत पळी तळापर्यंत फिरवून बघायचात आणि कुकची जी तंतरायची ते आठवून अजून हसू येतं.

आणि कोणाला वाटत असेल की हे नुसतं ऑफिसातलं काम, तर कारगिलला तोलोलिंगवर १८ ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन शहीद झाले, जून १९९९, वीरचक्र मिळालं, ते टू-आय-सीच होते. ७१ च्या युद्धात मेजर कार्डोझो ४/५ गोरखा पलटणीत गेले तेच मुळी लढाईत पडलेल्या टू-आय-सीच्या जागी.

आता माझं सांगतो. पेन्शनचे कागद करायला घेतले तेव्हा बायकोचं माहेरचं नाव एक, लग्नात आम्ही ठेवलेलं दुसरं, आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच. आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात हे तुम्हा केरळच्या माणसाला कुठून माहिती असणार, पण तुम्ही तिन्ही नावांखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि म्हणालात, "कल तुझे कुछ हो गया तो इन तीन औरतों में से पेन्शन किसको दें?" मी हसलो, तुम्ही नाही हसलात. खरं तर हे काम हेडक्लार्कचं, तरी तुम्ही स्वतः माझी सुट्टी मंजूर करून घेतली, ॲफिडेव्हिट, गॅझेट काय काय लागतं ते कागदावर लिहून दिलं आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नाव बदलल्याची फौजेतली अधिकृत नोंद, निघेपर्यंत रोज क्लार्कच्या मागं लागलात, बिचारा माझ्यावर वैतागला होता.

शेजारच्या गावात एका माजी सैनिकाची बायको नवरा गेल्यावर फक्त नावातल्या फरकापायी कितीतरी फेऱ्या मारत होती, तिचे कागद बघायला मीच गेलो होतो, तेव्हा कळलं तुम्ही काय करून ठेवलंय ते. आमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरवर, हिचं नाव एकच आहे, माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या ईसीएचएस कार्डावर पण तेच.

थँक्यू साहेब. साताऱ्याकडं येणं झालं तर घरी या, हिनं पण नमस्कार सांगितलाय.

तुमचाच,
एक हवालदार (रिटायर्ड)