यायचं तर दोघांनी मिळून या

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. नमस्कार.

तुम्ही दोघांनी पुण्याहून इंग्लंडला परत यावं असं मला मनापासून वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना हिच्या मनात नक्की काय आहे असा प्रश्न पडायला नको. पण यायचं तर दोघांनी मिळून, हिंडते-फिरते असताना, सगळी कागदपत्रं नीट करून. आधी बाबा येणार आणि आईचं नंतर बघू, हा बाबांचा बेत मला मान्य नाही. ते का, हेच सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्हाला माझं काम माहीत आहे. बरं झालेल्या म्हाताऱ्या माणसाला वॉर्डातून घरी कसं पाठवायचं, घरी कोण आहे, जिना चढता येईल का, जेवण कोण देणार, हे बघायचं. हिवाळा आला की वॉर्डात कुणी ना कुणी स्पेनहून परतलेलं असतंच. साठीत नोकरी सोडली, इथलं घर विकलं आणि ॲलिकान्तेच्या नाहीतर मालागाच्या बाजूला उन्हात छोटं घर घेतलं, अशी ही माणसं. सुरुवातीची वर्षं फार सुखाची जातात. दवाखान्याचीही अडचण नसते, कारण ब्रिटनचं सरकारी पेन्शन असलेल्यांना एस-वन नावाचा फॉर्म मिळतो आणि तिथल्या उपचारांचा खर्च ब्रिटन भरतं. अडतं ते पुढे. अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, रात्री उठून बघायचं, हे सगळं घरचे करतील असं तिथे धरून चालतात, आणि घरचे तर सगळे इथे. मग दोघांपैकी एक जातं आणि उरलेल्याला मुलगा नाहीतर मुलगी जाऊन घेऊन येते.

असे एक आजोबा मला विसरता येत नाहीत. बायको गेल्यावर मुलाने त्यांना आपल्या घरी आणलं. घरात संडास वरच्या मजल्यावर. आल्या आल्या थोड्याच दिवसांत ते जिन्यात पडले आणि खुबा मोडला. इथे त्यांना अजून कुठल्या डॉक्टरकडे नाव घालायलाही सवड मिळाली नव्हती. गोळ्यांच्या खोक्यांवर सगळं स्पॅनिशमध्ये. आमची फार्मासिस्ट एकेक खोकं उचलून त्यातल्या औषधाचं मूळ नाव शोधून कागदावर मांडत होती. पत्ता विचारला की ते स्पेनमधला पत्ता सांगायचे, अगदी पिन कोडसकट. डोकं शाबूत होतं हो त्यांचं. फक्त ते अजून आलेच नव्हते. त्यांना आणलं गेलं होतं.

बाबा, जेरियाट्रिक्स, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचं काम, कुणाला नको असायचं तेव्हा तुम्ही आणि तुमच्या पिढीचे कितीतरी भारतीय डॉक्टर त्यात गेलात आणि ते उभं केलंत. डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या जेवणाच्या टेबलावर. १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्यांच्या ताब्यात वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले म्हातारे पेशंट आले, आणि त्यांनी ठरवलं की यांना तपासायचं, उठवायचं, चालवायचं. माणूस खाटेवर जितका पडून राहील तितका तो खाटेचाच होतो, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत. तोच नियम आता स्वतःला लावा. तुम्ही ऐंशीचे आहात, आई शहात्तरची. आज तुम्ही दोघं लिफ्ट बंद पडली तरी तीन मजले चढून जाता. परत येण्याचं काम याच ताकदीवर करायचं असतं. ती गेल्यावर निर्णय आम्ही घेऊ, आणि तुम्ही तो सोसाल.

आता पैशांचं. तुम्ही २०१० च्या जूनमध्ये पासष्टचे झालात आणि दिवाळीआधी पुण्याला गेलात. तेव्हा मूळ सरकारी पेन्शन आठवड्याला ९७.६५ पौंड होतं. आजही तुमच्या खात्यात तेवढंच येतं. इथे राहिला असतात तर तेच पेन्शन २०२५-२६ च्या दराने १७६.४५ पौंड असतं. वर्षाला चार हजार पौंडांहून जास्त फरक. भारतात राहणारा असो की सिडनीत राहणारा, त्याचं पेन्शन असंच गोठलेलं. स्पेनमध्ये नाहीतर अमेरिकेत राहणाऱ्याचं मात्र दरवर्षी वाढतं. कारण एवढंच की तसा करार काही देशांशी आहे आणि काहींशी नाही. हप्ते सगळ्यांनी सारखेच भरलेले. जगभरात चार लाखांहून जास्त माणसं यात अडकली आहेत. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी याविरुद्ध दावा लावला होता. २००५ मध्ये त्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये हरल्या आणि २०१० च्या मार्चमध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही. मला हा उघड अन्याय वाटतो, आणि तुम्ही त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाही याचं वाईटही वाटतं. एनएचएसचं, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या नोकरीचं, पेन्शन वाढत राहिलं म्हणून तुमचं निभावलं. इथे राहायला आलात की सरकारी पेन्शन चालू दरावर येईल. मागची थकबाकी मात्र मिळणार नाही. आईने शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काम करून मिळवलेलं पेन्शनही असंच वर येईल. थोडं असलं तरी ते तिचं स्वतःचं आहे.

दवाखान्याची बाबांना अडचण नाही. नुसता ब्रिटिश पासपोर्ट दाखवून फुकट उपचार मिळत नाहीत, पण कायमचं राहायला म्हणून परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून मिळतात. डॉक्टरकडे नाव लगेच घालता येतं. बाकीच्या मदतीचं मात्र वेगळं आहे. स्वतःचं स्वतःला करता येत नाही अशा वृद्धांना अटेंडन्स अलाउन्स मिळतो. भारतातून परतलेल्या माणसाला त्यासाठी मागच्या तीन वर्षांतली दोन वर्षं तरी इथे काढलेली असावी लागतात. म्हणजे ती दोन वर्षं तुम्ही धडधाकट असतानाच भरून निघालेली बरी. पडल्यावर आलात तर ज्या काळात मदतीची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच काळ कोरडा जाणार.

आणि आता आई, तुझं.

घरात एक तरी भारतीय पासपोर्ट असावा अशी आजोबांची इच्छा होती आणि तू ती पाळलीस. त्याबद्दल तुला कुणी बोल लावलेला मला चालणार नाही. पण त्याचा आज काय परिणाम होतो ते तुला माहीत असायला हवं. १९७६ पासून चौतीस वर्षं तू इथे राहिलीस. कायम राहण्याची परवानगी होती, जुन्या पासपोर्टात तो शिक्का आहे. पण सलग दोन वर्षांहून जास्त देशाबाहेर राहिलं की ती परवानगी संपते. तुझी केव्हाच संपली. बाबा उद्या विमानात बसून येऊ शकतात, तुला मात्र व्हिसा लागेल. ज्या बाईने इथल्या शेकडो पोरांना जेवायला वाढलं, तिने नव्याने अर्ज करायचा, हे लिहितानाही मला कसंसं होतं. पण करायचा आहे, आणि त्याला वाट आहे.

खरं तर दोन वाटा आहेत. एक परतणाऱ्या रहिवाशांचा व्हिसा. तो मिळाला तर तुझी जुनी कायम परवानगीच परत मिळते. त्यासाठी इथलं नातं अजून घट्ट आहे हे पटवून द्यावं लागतं: आम्ही मुलं, नातवंडं, इथे काढलेली वर्षं, भरलेले हप्ते. पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की ते पटेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

दुसरी वाट बाबांची पत्नी म्हणून. त्यासाठी बाबांचं उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पौंड लागतं. पेन्शन त्यात धरतात, कमी पडलं तर बचतही धरता येते. मी हिशेब करून पाहिला आहे, बसतो. शिवाय क्षयरोगाची तपासणी आणि दवाखान्याचा अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड. पहिल्या तेहतीस महिन्यांच्या व्हिसासाठी तो एकूण ३,१०५ पौंड होतो. तो भरला की तुलाही बाबांसारखेच उपचार. पासष्टच्या पुढच्यांना इंग्रजीची परीक्षा नाही. या वाटेने आलीस तर कायम परवानगी मिळेपर्यंत अटेंडन्स अलाउन्ससारखी मदत तुला मिळणार नाही, हेही धरून चालू.

बाबांनी पुढे येऊन घर लावावं आणि मग तुला बोलवावं, असं त्यांच्या मनात आहे. तशी काही गरज नाही. ब्रिटिश नवरा कायमचा राहायला परतत असेल तर बायको त्याच्याबरोबरच येऊ शकते. बाबा इथे आणि तू पुण्यात एकटी, अर्जाच्या उत्तराची वाट बघत, असे महिने मला नको आहेत. स्पेनहून आलेल्यांत तेही पाहिलं आहे. ब्रेक्झिटनंतर परदेशी जोडीदाराला जुन्या सोप्या नियमाने आणायची मुदत २९ मार्च २०२२ ला संपली. ती ज्यांची चुकली त्यांतली कितीतरी म्हातारी जोडपी आता याच २९,००० पौंडांच्या नियमाखाली येतात.

तू फोनवर "मी कुठेही येणार नाही" म्हणतेस, त्यामागची कारणं मला दिसत नाहीत असं समजू नकोस. सकाळी पोळ्यांच्या बाई येतात, डॉक्टर घरी येऊन बघून जातात, संध्याकाळी खाली बाकावर तुझ्या मैत्रिणी असतात. इथे यातलं काही मिळणार नाही. डिसेंबरमध्ये चारला अंधार पडतो. खुब्याच्या नाहीतर गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. घरी येणारी मदतनीस तासावर पैसे घेते, आणि त्यात काउन्सिलची मदत हवी असेल तर तुमची बचत २३,२५० पौंडांच्या आत असावी लागते. ही मर्यादाही २०१० पासून तशीच आहे. पुण्याचा फ्लॅट विकून आलेले पैसे त्यात धरले जातील. फ्लॅट विकायची घाई मात्र करू नका. आधी कुणा सल्लागाराशी बोलू.

आणि तुम्ही सोडून गेलात ते हॅलिफॅक्स आता तसं राहिलेलं नाही. पीस हॉल, तो जुना कापडबाजार, २०१७ मध्ये दुरुस्त होऊन उघडला, तो तर बघण्यासारखा आहे, आई, तुला आवडेल. पण बँकांच्या शाखा गेल्या; देशभरात २०१५ पासून सहा हजारांहून जास्त बंद झाल्या. डॉक्टरची वेळ फोनवरच्या ॲपवरून घ्यायची. ओळखीची माणसं पांगली, काही गेली. बाबांना तो जुना चढावरचा रस्ता आणि तेच घर आठवतं, पण त्या चढावर राहायला मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

माझ्या घरी तुम्ही हक्काने राहा, पण सुरुवातीचे काही महिनेच. नंतर तुमचं स्वतःचं घर हवं, माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्यावर. इथे वृद्धांसाठीच्या घरांची संकुलं असतात. प्रत्येकाचा आपापला फ्लॅट, आपलं स्वयंपाकघर, आपली कडी. न्हाणीघरात एक लाल दोरी, ओढली की मदतीला कुणीतरी येतं. अशी दोन-तीन मी बघून आले. एकाच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे आणि ओट्याची उंची आईला बसेल. गॅस नाही, विजेची शेगडी आहे, त्यावर भाकरी कशी फुगेल ते आपल्याला बघावं लागेल. फोडणीच्या वासाबद्दल मी तिथल्या बाईंना आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, शेजारचे पंजाबी आजोबा रोज करतात.

आता करायचं काय, ते सांगते. आई, कपाटातले तुझे सगळे जुने पासपोर्ट काढ आणि शिक्का असलेल्या प्रत्येक पानाचा फोटो मला पाठव. लग्नाचा दाखला आणि शाळेच्या पगाराच्या जुन्या पावत्या, जेवढ्या सापडतील तेवढ्या. बाबा, तुम्ही दोन्ही पेन्शनची पत्रं आणि बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा. तुमची औषधं, त्यांची मूळ नावं आणि मात्रा इंग्रजीत लिहून डॉक्टरांची सही घ्या. पुण्यातल्या कुठल्याही एजंटला पैसे देऊ नका. इथल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराची मी वेळ घेते. दोन वाटांपैकी कुठली धरायची ते त्या कागद बघून सांगतील, आणि तोवर नियमांत काही बदल झाला असेल तर तोही.

अर्ज करायचा म्हणजे यायचंच असं नाही. पण तो करायचा की नाही, हे आई, तू ठरव. बाबांना विचारून नाही, आणि माझ्याकडे बघूनही नाही. नको असेल तर नको म्हण, मग पुण्यातलंच घर तुम्हा दोघांना पुढेही झेपेल असं कसं करायचं ते मी तिथे येऊन तुमच्याबरोबर बसून बघेन. फक्त तुझं उत्तर मला तुझ्या स्वतःच्या फोनवरून हवं, बाबा दुपारी झोपलेले असताना.

तुमची लेक