कारागिरांची नावेही छापावीत

‘सावंतवाडीची लाकडी फळे आणि मालवणी स्वयंपाकघर यांच्या अभ्यासातून साकारणारी नवी कलाकृती’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. चित्रकर्तीचा उत्साह कौतुकास्पद असला, तरी पानभर मजकुरात तिला काम शिकवणाऱ्या एकाही कारागिराचे नाव नाही, ही बाब खटकली. काजूच्या बोंडावर पिवळ्यातून तांबड्याकडे जाणारा रंग कुठे थांबवायचा, हे सावंतवाडीतील चितार आळीतील, म्हणजे कारागिरांच्या वस्तीतील, माणसाला परसातल्या झाडाने शिकवलेले असते. लेखात मात्र या जाणकारीला ‘स्थानिक प्रेरणा’ म्हटले आहे.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, मोडकळीस आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती एका वृद्ध कारागिराकडून स्वतः शिकून घेतली आणि पुढे राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून काम दिले, म्हणूनच दशावतारी गंजिफेची 120 पाने आजही तेथे हाताने रंगवली जातात. प्रस्तुत कलाकृतीच्या प्रदर्शनात सहकलाकार म्हणून कारागिरांची नावे लावावीत, विक्री झाल्यास त्यांचा वाटा आधीच लेखी ठरवावा आणि आपणही पुढील लेखात त्यांच्याशी थेट बोलावे, ही विनंती.

– एक वाचक, कुडाळ