स्टार्टर, विहीर आणि दोन प्रकारची सुरक्षा

मा. संपादक,
महोदय,

आमच्या तालुक्यात संगणकाची पदविका घेतलेल्या मुलांना सध्या ‘सायबर सुरक्षा शिका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण ‘फंक्शनल सेफ्टी’ या दुसऱ्या कौशल्याचे नावही कोणी घेत नाही, याचे निवृत्त शिल्प निदेशक म्हणून मला वाईट वाटते. मराठीत दोन्हींना ‘सुरक्षा’च म्हणत असल्याने गोंधळात भरच पडते.

गेल्या रब्बीत माझ्या विहिरीवर मोटारीच्या ग्लँडची दोरी बदलणे सुरू होते. स्टार्टर ‘ऑटो’वर राहिला होता, लाईन आली, मोटार आपोआप सुरू झाली आणि मिस्त्रीचा हात थोडक्यात वाचला. मेन स्विच पाडायला हवा होता, ही चूक आमचीच. पण माणूस असा चुकणार, लाईन अवेळी येणार, रिले (स्टार्टरमधला विजेवर चालणारा स्विच) चिकटणार, हे गृहीत धरून अशा वेळी यंत्राने काय करावे आणि काय मुळीच करू नये हे आधीच ठरवणे व ते तपासून सिद्ध करणे, म्हणजे फंक्शनल सेफ्टी. तोच स्टार्टर मोबाइलवरून चालणारा असेल, तर त्याला परक्या मोबाइलवरून आज्ञा देता येऊ नये, ही झाली सायबर सुरक्षा.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना किरणांची प्रमाणाबाहेर मात्रा दिली, तेव्हा कोणी हॅकर नव्हता. आधीच्या यंत्रांतले हार्डवेअरचे इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र अडवणारी यांत्रिक-विद्युत कुलपे) वगळून सारा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. उलट २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात हल्लेखोरांच्या ‘ट्रायटन’ मालवेअरने धोक्याच्या वेळी प्रकल्प बंद करणाऱ्या नियंत्रकांनाच लक्ष्य केले. वाहनांसाठी फंक्शनल सेफ्टीचे आयएसओ २६२६२ आणि सायबर सुरक्षेचे आयएसओ/एसएई २१४३४ अशी दोन मानके वेगळी असली, तरी अभियंत्याची ओढाताण एकाच गाडीवर होते: पहिले म्हणते, प्रत्येक बदल पुन्हा तपासल्याशिवाय गाडीत घालू नका, दुसऱ्याला सापडलेली फट लवकर बुजवायची असते.

माझे मत विचाराल तर, ज्यांनी घरची मोटार खोलून जोडली आहे, त्या मुलांनी आधी फंक्शनल सेफ्टीकडे वळावे. सायबर सुरक्षेचे साधन घरच्या संगणकावर चालवून पाहता येते. यंत्र बिघडते कसे, याची जाण मात्र त्यांच्याकडे आधीपासूनच आहे आणि शहरातल्या वर्गात ती सहजी मिळत नाही. पासवर्ड, कूटलेखन (एन्क्रिप्शन) आणि अपडेट यांचे प्राथमिक ज्ञान दोन्ही वाटांच्या मुलांना हवेच.

जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी असाच मोबाइलवरून चालणारा स्टार्टर द्यावा आणि तो कसा चालतो याऐवजी तो किती प्रकारे चुकू शकतो यावर गुण ठेवावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. आर्वी, जि. वर्धा